छपरावरची वीज

भोरजवळच्या उत्रोलीच्या कौलांवर ऊन फुकट पडते. अडते ते त्याची वीज करावयाच्या खर्चापाशी. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये अनुदान आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी त्यात १७,५०० ची भर घातली. पन्नास हजारांच्या संचात घरच्याने घालावयाचे उरले २,५००. संचातून महिन्याकाठी शंभरएक युनिट वीज मिळते, लहान घरास ती पुरते. दिवसा उरलेली वीज तारेतून महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. (मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर ते आधी बदलून घ्यावे!)

एक गैरसमज मात्र आम्हांस पुष्कळ ठिकाणी आढळतो. संच बसला म्हणजे अंधार गेला, असे लोक धरून चालतात. या संचास बॅटरी नसते. तारेतली वीज गेली की संचही आपोआप थांबतो. न थांबेल तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी गाठ. तेव्हा भोरकडच्या आषाढात वीज गेली, तर छपरावर संच असूनही घरात मेणबत्तीच लावावी लागेल. अडीच हजार रुपये उसने काढणाऱ्या माणसाला हे अर्जावर सही करण्यापूर्वी कोणी तरी सांगितले पाहिजे.