एसी ३८ हजारांचा, पण एका थंड रात्रीची किंमत किती? पिंपरी-चिंचवडकरांनी एसी घेण्याआधी करून पाहायचं गणित

एप्रिल उजाडला की वाकड, रावेत, मोशी, चिखली या भागांतल्या सोसायट्यांच्या भिंतींवर एसीची नवी खोकी दिसू लागतात. दुकानात ईएमआयची पाटी असते, मोबाइलवर ऑफर असते आणि घरात रात्री झोप लागत नसते. मग शनिवारी एसी घरी येतो.

पण पाटीवरची किंमत हा एसीचा पूर्ण खर्च नसतो. शिवाय पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात हा खर्च मुंबई किंवा नागपूरपेक्षा वेगळ्या पद्धतीने मोजावा लागतो.

कसा? तेच पाहूया.

आधी आपली हवा समजून घ्या

पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. पुणे परिसरात एप्रिलमध्ये दुपारचा पारा सरासरी ३८ अंशांच्या आसपास जातो, पण रात्री तो २०-२२ पर्यंत उतरतो. पावसाळ्यात हवा मुळातच गार असते. डिसेंबर-जानेवारीत तर स्वेटर काढावा लागतो.

म्हणजे एसीची खरी गरज मार्चच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. ढोबळमानाने ७५ रात्री.

आता तुम्ही म्हणाल, रात्री पारा २२ वर येतो तर मग घरात एवढं उकडतं का? कारण दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्री ती उष्णता आत सोडत राहते. वरच्या मजल्यावर हा त्रास सर्वात जास्त. त्यात दाट बांधकामामुळे चिंचवडची रात्र पाषाण किंवा शिवाजीनगरच्या मानाने अनेकदा उबदार असते.

३८ हजारांचे ४५ हजार कसे होतात?

समजा, दीड टनाचा थ्री स्टार इन्व्हर्टर एसी ३८,००० रुपयांना मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ही किंमत आधीपेक्षा थोडी हलकी झाली आहे. फिटिंगचं बिल मात्र वेगळंच असतं. दर भागानुसार बदलतात, पण हिशोब साधारण असा होतो:

- बसवण्याची मजुरी: १,५०० रुपये
- बाहेरच्या युनिटचा स्टँड: ८०० रुपये
- जादा तांब्याचा पाइप, २ मीटर: १,६०० रुपये
- पाण्याचा पाइप आणि जादा वायर: ५०० रुपये
- बोर्डापासून वेगळी वायर, एमसीबी आणि पॉवर पॉइंट: २,५०० रुपये

झाले ६,९००. म्हणजे एसी प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जवळपास ४५,००० रुपये.

यात सर्वात जास्त फसगत होते ती तांब्याच्या पाइपची. खोक्यात बहुतेक वेळा ३ मीटरच पाइप येतो. नव्या सोसायट्यांत बाहेरचं युनिट ठरलेल्या जागीच लावावं लागतं. ती जागा बेडरूमपासून लांब असेल, तर प्रत्येक मीटरचे पैसे मोजावे लागतात. म्हणून एसी घेण्याआधी टेपने अंतर मोजा आणि सोसायटीचा नियम विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, गॅस सोडण्याआधी कारागिराने व्हॅक्यूम पंप लावून पाइपमधली हवा आणि ओल काढायला हवी. घाईत हे टाळलं जातं. मग कूलिंग कमी होतं आणि मशीनचं आयुष्यही घटतं.

विजेचं बिल: एसीचं युनिट महाग का पडतं?

इथे महावितरणची टप्प्यांची पद्धत समजून घ्यायला हवी. घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला चढा दर लागतो, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटना त्या-त्या टप्प्याचा दर लागतो.

पण गंमत अशी की एसीची युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. पंखा, फ्रिज, दिवे यांनी खालचा स्वस्त टप्पा आधीच भरलेला असतो. २०२४-२५ च्या दरांत पहिल्या १०० युनिटना ऊर्जा आकार पावणेपाच रुपयांच्या आसपास होता, तर ३०१ ते ५०० मध्ये साडेचौदाच्या आसपास. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून हातातल्या बिलावरचे आकडे घ्या.

महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात एसीच्या प्रत्येक युनिटला सरासरी १४ रुपये पडतात असं धरू. एसीच्या स्टार लेबलवर वर्षाचा वीजवापर लिहिलेला असतो. समजा तो १,००० युनिट आहे. हा आकडा वर्षाला १,६०० तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो. आपला वापर ७५ रात्री, रोज ७ तास, म्हणजे फक्त ५२५ तास. त्यामुळे वीज लागेल साधारण ३३० युनिट आणि बिल वाढेल सुमारे ४,६०० रुपयांनी.

मग फाइव्ह स्टार घ्यावा का?

फाइव्ह स्टारच्या लेबलवर समजा ७८० युनिट आहेत आणि किंमत ८,००० रुपयांनी जास्त आहे. पूर्ण १,६०० तास चालवणाऱ्या घरात वर्षाला सुमारे ३,००० रुपये वाचतात. जादा पैसे तीन वर्षांच्या आत वसूल.

आपल्या ५२५ तासांत मात्र वाचतात जेमतेम १,००० रुपये. म्हणजे वसुलीला आठ वर्षं.

घरात लहान बाळ आहे, आजारी माणूस आहे, दिवसा घरूनच ऑफिसचं काम चालतं, तर फाइव्ह स्टार परवडतो. फक्त उन्हाळ्याच्या रात्रींसाठी हवा असेल, तर थ्री स्टार पुरतो. याच न्यायाने, गरम हवाही देणाऱ्या 'हॉट अँड कोल्ड' एसीसाठी इथे जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. आपली कडक थंडी मोजक्या आठवड्यांची.

कूलरचं काय?

मुंबईत कूलर चालत नाही, कारण तिथली हवा आधीच दमट असते. कूलरचं काम पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतं आणि त्याला कोरडी हवा लागते. पिंपरी-चिंचवडमध्ये एप्रिलच्या दुपारी ती असते. ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देऊ शकतो. वीज लागते एसीच्या मानाने अगदी थोडी.

अडचणी दोन. पहिली, वळवाचे पाऊस सुरू झाले की हवा दमट होते आणि कूलर नुसता चिकचिक वाढवतो. दुसरी, पाणी. कूलर एका रात्रीत ३०-४० लिटर पाणी सहज पितो आणि शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. सोसायटी टँकर मागवत असेल, तर हाही खर्चच.

भाड्याच्या घरात राहताय?

हिंजवडी किंवा चाकणला नोकरी आणि ११ महिन्यांचा भाडेकरार, असं असेल तर आणखी एक खर्च धरा. घर बदललं की एसी काढणं, नेणं, पुन्हा बसवणं आणि लागला तर गॅस भरणं. दोन-तीनदा घर बदललं की निम्म्या एसीचे पैसे यातच जातात. अशा वेळी उन्हाळ्यापुरता भाड्याचा एसी किंवा कूलर जास्त सोयीचा.

शेवटचा हिशोब

४५,००० रुपयांचा एसी दहा वर्षं चालला, तर वर्षाला ४,५००. वीज ४,६००. सर्व्हिसिंग ८००. एकूण ९,९००. भागिले ७५ रात्री.

एका थंड रात्रीची किंमत झाली सुमारे १३२ रुपये. ९,००० रुपयांचा कूलर सहा वर्षं वापरला, तर पाणी सोडून हीच किंमत ३५-४० रुपये येते.

१३२ रुपयांत अख्ख्या घराला शांत झोप मिळत असेल, तर काहींना हा सौदा स्वस्तच वाटेल आणि त्यात चूक काही नाही. एसी घेतलाच, तर तो २४ अंशांवर ठेवा. जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना २४ अंशांवरच असावेत असा नियम आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवलं, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. सोबत पंखा लावा. वरच्या मजल्यावर असाल, तर सोसायटीला विचारून गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या.

आणि दुकानात जाण्याआधी तुमच्या घरातल्या उकाड्याच्या रात्री मोजा. त्या ७५ ऐवजी ३० निघाल्या, तर १३२ चा आकडा सरळ दोनशेच्या वर जातो.