बदामचा बर्लिनमधला दुसरा रमजान

कुत्र्याला परदेशी न्यायचं तर सगळ्यात जास्त काय लागतं, असं माझ्या भाचीला विचारलं, तर ती पैसा म्हणत नाही. वेळ म्हणते. २०२४च्या उन्हाळ्यात तिला बर्लिनच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिचा स्वतःचा व्हिसा दोन महिन्यांत हातात आला. बदामची कागदपत्रं पुरी व्हायला मात्र नोव्हेंबर उजाडला.

बदाम म्हणजे कुठल्या जातिवंत, दुकानातून आणलेल्या कुत्र्याचं नाव नव्हे. चिपळूणच्या गल्लीतलं बदामी रंगाचं साधं गावठी पिल्लू. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तो दिवस आमच्याकडचा कुणीच विसरणार नाही. पाणी चढत गेलं तसे आमच्या बहिणीकडचे सगळे माळ्यावर गेले आणि जिन्याच्या पायरीला चिकटून कुईकुई करणारं हे पिल्लू भाचीनं वर घेतलं. पाणी ओसरलं, घर गाळानं भरलेलं, भांडीकुंडी गेलेली. त्या धांदलीत पिल्लाला बाहेर काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. आमच्याकडे कुत्र्याची लाळ किंवा ओलं अंग कपड्याला, भांड्याला लागलं, तर ते सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. म्हणून बदामचा मुक्काम पडवीत. माझ्या अम्मीनं, म्हणजे भाचीच्या नानीनं, पडवीच्या कोपऱ्यात स्वच्छ मातीचा एक डबाच भरून ठेवला होता. पण त्याला शिळं खायला घालू द्यायची नाही. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. तहानेनं ओली माती चाटणारं कुत्रं एका माणसाला दिसतं, तो विहिरीत उतरून आपल्या पायताणात पाणी भरून आणतो, त्याला पाजतो, आणि तेवढ्यावर त्याला माफी मिळते. हा प्रसंग आमच्या घरात बदाम येण्याच्या आधीपासून सांगितला जायचा.

इतर धर्मांच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. ‘मुसलमानाला कुत्रं चालत नाही’ हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही. राखणीसाठी, शेतासाठी, गुरांसाठी, शिकारीसाठी कुत्रं पाळायला मुभा आहे. नुसत्या हौसेसाठी घरात ठेवण्याबद्दल ताकीद आहे, हेही खरं. हनफी, शाफई, मालिकी यांची शुद्धतेबद्दलची मतंही वेगवेगळी आहेत. मालिकी मसलकात तर कुत्रं नापाक मानत नाहीत. आणि कुरआनातल्या सूरह कहफमध्ये गुहेत झोपी गेलेल्या तरुणांबरोबर त्यांचं कुत्रंही आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेलं. पुष्कळ घरांत दर शुक्रवारी ही सूरह पढतात. असो. फतवा देणं हे माझं काम नाही.

भाची पुण्याला नोकरीला लागली तेव्हा बदाम तिच्याबरोबर गेला, आणि खरा पेच बर्लिनच्या वेळी पडला. बहिणीचं म्हणणं, त्याला इथंच ठेव, पडवी आहेच. अम्मीनं मात्र वेगळंच सांगितलं, ‘तू उचललास ना त्याला, मग आता दुसऱ्यावर टाकू नको गो.’ तिच्या तोंडून हे येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आता कागदपत्रांचं. युरोपीय संघाचा नियम असा, की कुत्र्याच्या कातडीखाली आधी पंधरा आकडी मायक्रोचिप बसवायची, आणि त्यानंतरच रेबीजची लस. हा क्रम चुकला, तर आधीची लस धरली जात नाही. बदामला दोन लशी आधीच झाल्या होत्या, त्या कागदोपत्री वाया गेल्या. मे महिन्यात चिप बसवून नव्यानं लस दिली. लशीनंतर किमान तीस दिवस थांबून रक्त काढायचं, ते युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलं पाहिजे. ते भरलं तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढलेल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. भारतातून जाणाऱ्या कुत्र्यांना ही अट चुकत नाही, कारण आपल्याकडे रेबीज अजून आहे आणि माणसंही त्यानं मरतात. जर्मनीत कोल्ह्या-कुत्र्यांमधला रेबीज २००८मध्ये संपल्याचं जाहीर झालं. त्यांची भीती समजून घेण्यासारखी आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रक्त गेलं. कंपनीला सप्टेंबरपासून माणूस हवा होता. भाचीनं सरळ लिहून कळवलं, की माझ्या कुत्र्याची मुदत ऑक्टोबरात संपते, तोवर मी पुण्यातून काम करीन. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी परवानगी दिली. आपल्याकडे असा अर्ज केला असता तर साहेबानं काय शेरा मारला असता, याची कल्पना वाचकांनी करावी.

त्या तीन महिन्यांचा तिनं चांगला उपयोग केला. पिंजरा आधीच आणला. विमान कंपन्यांचा दंडक असा, की कुत्र्याला आत नीट उभं राहता, बसता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. दार काढून टाकलेला पिंजरा घरात ठेवून ती बदामला त्यातच जेवण द्यायची. मग दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग रात्रभर. झोपेचं औषध देऊन न्यायचा सल्ला तिला बऱ्याच जणांनी दिला, पशुवैद्यानं साफ नाही म्हटलं. गुंगीतल्या जनावराचा श्वास आणि रक्तदाब उंचीवर बिघडू शकतो आणि तिथं बघायला कुणी नसतं. निघायच्या आधी मुंबईच्या पशु संगरोध कार्यालयातून आरोग्य दाखला घ्यायचा. युरोपात पोचेपर्यंत त्याची मुदत दहा दिवसांची. म्हणजे विमान रद्द होऊन आठवडा गेला, की पुन्हा पहिल्यापासून धावपळ.

मुंबई ते फ्रँकफर्ट जवळपास नऊ तास. बदाम खालच्या कप्प्यात. तिथं हवेचा दाब आणि ऊब वरच्यासारखीच ठेवतात, पण अंधार आणि आवाज असतोच. पिंजऱ्यात तिची जुनी, न धुतलेली ओढणी होती. फ्रँकफर्टला चिप तपासली, कागद पाहिले, आणि दार उघडल्यावर त्यानं आधी काय केलं हे इथं लिहिता येणार नाही. पुढे बर्लिनपर्यंत रेल्वेनं. कुत्र्याचं वेगळं तिकीट, तोंडाला जाळी.

बर्लिनमध्ये पहिली अडचण घराची आली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१३मध्ये ठरवून दिलंय, की भाडेकरारात कुत्र्या-मांजरांना सरसकट बंदी घालता येत नाही. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू पाहून ठरवायचं. कायदा असा, पण एका घरासाठी रांगेत तीस जण असतील तर मालक कुत्रंवाल्याला कशाला निवडेल? सातव्या घराला होकार मिळाला, नॉयकोल्न भागात, तिसऱ्या मजल्यावर. मग कुत्र्याचा कर, पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, म्हणजे आपले अकरा-बारा हजार रुपये. त्याचा बिल्ला गळ्यात. शिवाय कुत्र्यानं कुणाचं नुकसान केलं तर त्याचा विमा सक्तीचा. गल्लीत जन्मलेल्या बदामला एवढी सरकारी ओळख मिळालेली बघून अम्मी म्हणाली, ‘आमच्या रेशनकार्डाला एवढे कागद लागले नव्हते.’

कुत्र्याला मात्र कर कळत नाही, त्याला शांतता कळली. रस्त्यावर एकही मोकळं कुत्रं नाही. चिपळुणात आणि पुण्यात रात्री दूरवरून भुंकण्याला उत्तर द्यायचं असतं; इथं उत्तर द्यायला कुणी नाही आणि हा भुंकला की शेजारी दार वाजवतात. दोन आठवडे तो खिडकीशी कान टवकारून बसायचा. जेवण अर्धंच. ३१ डिसेंबरच्या रात्री शहरभर फटाके फुटले, तेव्हा तो न्हाणीघरात शिरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही. दिवाळीत ज्यांनी आपल्या कुत्र्याला पलंगाखाली थरथरताना पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

मग मार्चमध्ये रमजान आला. सहेरीनंतर, फज्रच्या आधी कडाक्याच्या थंडीत त्याला फिरवून आणायचं, मग हातपाय धुऊन, कपडे बदलून नमाज. नमाजची खोली बंद, बदामला तिथं मज्जाव. बाल्कनीत मातीची एक कुंडी. तिच्यात काहीच उगवत नाही याचं खालच्या जर्मन आजींना वाईट वाटून त्यांनी एकदा बिया आणून दिल्या. ती माती धुण्यासाठी आहे हे त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला. म्हणे, नानीचा डबा विमानानं आला नाही, रीत आली.

संध्याकाळी इफ्तारच्या आधी तासभर टेम्पलहोफच्या मैदानावर. हा पूर्वीचा विमानतळ २००८मध्ये बंद झाला, २०१०पासून लोकांसाठी खुला आहे. जुन्या धावपट्टीवर मुलं सायकली पिटाळतात, कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली वेगळी जागा आहे. मैदानाच्या काठाला तुर्कांची शेहितलिक मशीद, तिचे मिनार दिसतात. महिन्याच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास रोजा सुटायचा, शेवटी साडेसहाच्या पुढे. त्या वाटेवर मशिदीकडे निघालेले एक तुर्की आजोबा बदामला पाहिलं की न चुकता रस्ता ओलांडायचे. रागानं नाही, कपड्याला लाळ लागू नये म्हणून जपायचे, आणि पलीकडून सलाम करायचे. भाचीही पट्टा आखडून धरायची. शेजारची मोरोक्कोची बाई मात्र मालिकी. तिनं पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हरीराचं भांडं भाचीच्या हातात दिलं. एकाच जिन्यावर दोन मसलक, आणि त्यावरून वाद झालेला मी तरी ऐकला नाही. ईद ३० मार्चला आली. त्याच पहाटे जर्मनीतली घड्याळं एक तास पुढे जातात. ईदच्या नमाजला निघायची घाई आणि झोपेतला एक तास कमी. बदामचं पोट मात्र जुन्याच वेळेवर चाललेलं.

या ईदला ती चिपळूणला येते आहे. बदामला आणणार नाही. इकडे आणायचं तर भारताचा वेगळा परवाना, पुन्हा पिंजरा, पुन्हा नऊ तास. रक्ताच्या तपासणीची नोंद त्याच्या युरोपीय पासपोर्टात आहे आणि रेबीजची लस वेळेवर टोचत राहिलं तर परतताना तीन महिने थांबावं लागणार नाही, एवढा दिलासा आहे. पण पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी त्याला एवढं हाल कशाला? तो मोरोक्कोवालीकडे राहील. अम्मीनं मात्र पडवी सारवून ठेवली आहे आणि भाचीला फोनवर बजावलं आहे, की त्या बाईसाठी कोकमं न्यायला विसरू नको.