व्हायरसने संगणक बंद पडला, तरी सुटे भाग कामाचे!

ग्रामपंचायत असो, विकास सोसायटी असो की दूध डेअरी, आता दप्तर संगणकावर आले आहे. संगणकामागोमाग व्हायरसही आला. कुणीतरी पेनड्राइव्ह लावतो, कुणी ई-मेलमधली अनोळखी फाईल उघडतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन चालेनासे होते. मग दोन प्रकार घडतात. एक तर अख्खा संगणक कोपऱ्यात धूळ खात पडतो आणि नव्याचा ठराव होतो. नाहीतर कोणी हुशारी करून त्याची हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि तोही बिघडतो. पहिल्यात गावाचा पैसा जातो, दुसऱ्यात गावाचे दप्तर.

रोग बेण्यात, मोटारीत नव्हे

काणी पडलेल्या उसाचे बेणे आपण लावत नाही, कारण रोग बेण्यातून पुढे जातो. पण म्हणून त्या शेतातली मोटार कोणी भंगारात घालत नाही. इथेही तसेच आहे. व्हायरस म्हणजे जंतू नव्हे, ती संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली असते. जिथे लिहून साठवता येते, तिथेच ती टिकते.

म्हणून मॉनिटर, कॅबिनेट, एसएमपीएस, पंखा, प्रोसेसर, केबली, साधा कीबोर्ड व माऊस निर्धास्त वापरावेत. रॅमलाही धोका नाही. वीज बंद झाली की तिच्यातले पुसले जाते. मात्र डीडीआर-३ ची रॅम डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही, जबरदस्ती करू नये. भाग काढण्याआधी वायर प्लगमधून काढावी. एसएमपीएसची पेटी उघडू नये, बंद असतानाही आत विजेचा भार राहतो.

हार्डडिस्कची खबरदारी

खरे दुखणे हार्डडिस्क, एसएसडी आणि पेनड्राइव्हचे. नुसत्या फाईली डिलीट करून भागत नाही. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर तसाच राहतो.

आधी कामाची माहिती वाचवावी. त्यासाठी चांगल्या संगणकावर लिनक्सची पेनड्राइव्ह तयार करून तिच्यावरून मशीन सुरू करावे. इंटरनेटची वायर काढलेली असावी. फक्त दाखले, फोटो, पीडीएफ, हिशेबाचे तक्ते उतरवून घ्यावेत; प्रोग्रामच्या फाईली घेऊ नयेत. वर्ड, एक्सेलमध्येही व्हायरस लपतो. अशी फाईल उघडताना ‘एनेबल कंटेंट’ विचारले, तर हो म्हणू नये.

त्यानंतर सगळी पार्टिशन काढून डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्ये लिहावीत. ५०० जीबीच्या डिस्कला दीड-दोन तास सहज लागतात. एसएसडीसाठी कंपनीचेच पुसण्याचे साधन वापरावे. मग विंडोज नव्याने टाकावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानात असावे.

मदरबोर्डचे काय?

मदरबोर्डवरील बायोसच्या चिपमध्येही लिहिता येते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने कित्येक संगणकांचे बायोस बाद केले होते. २०१८ मध्ये ‘लोजॅक्स’ बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयमध्ये दडलेला सापडला. असे प्रकार विरळा असले तरी मदरबोर्ड पुन्हा वापरण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेले बायोस जाणकाराकडून नव्याने भरून घ्यावे.

भंगारात देण्याआधी

डिस्कवर गावकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, सातबारे असतात. न पुसता भंगारवाल्याला दिलेली डिस्क म्हणजे कुलूप न लावता सोडलेली तिजोरी. नादुरुस्त डिस्क फोडूनच द्यावी, तीही अधिकृत ई-कचरा केंद्राला. ग्रामसेवकांनी कोणता भाग कुठे बसवला याची नोंद जडवस्तू नोंदवहीत घ्यावी. निर्लेखनाशिवाय सरकारी वस्तू बाहेर जाऊ नये.

शेवटी एकच. दप्तराची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. बियाण्याची कणगी जशी वेगळी ठेवतो, तशीच ही. मग मशीन बिघडले तरी गावाचे दप्तर शाबूत राहील.