आधी वर चढा, मग दर सांगा

खडवलीत मार्च उजाडला की पत्र्याच्या कामाचा दर फोनवरच मिळतो. समोरच्यानं घर पाहिलेलं नसतं, छताला उतार किती आहे हे त्याला ठाऊक नसतं, भिंती विटांच्या आहेत की नुसत्या ब्लॉकच्या हेही तो विचारत नाही. आकडा मात्र तयार असतो. 'पॉइंट फाइव्हचा पत्रा, स्क्वेअर पाइप, मजुरी, सगळं धरून फुटाला एवढे. तुमच्यासाठी दहा रुपये कमी करू.' घर न बघता सांगितलेल्या दरातले दहा रुपये नेमके कशातून कमी झाले, हे तिथल्या तिथे विचारायला हवं. सहसा कुणी विचारत नाही. कमी झाले याच आनंदात फोन ठेवला जातो.

काकांच्या घराचं छत बदलायचं ठरलं, तेव्हा हे सगळे फोन करायचं काम माझ्याकडे आलं आणि मग प्रत्यक्ष कामाच्या वेळीही मी तिथेच ठाण मांडून बसलो. घर भातसा नदीच्या बाजूला. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागच्या स्वयंपाकघरावर आणि पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे, शेवाळ धरून काळे पडलेले. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. त्या चार महिन्यांत काकूंच्या ओट्याशेजारी एक पातेलं कायम मांडलेलं असायचं.

छतासाठी भरवशाचा माणूस शोधणं हे या भागात तसं अलीकडचं काम आहे. पूर्वी घर शाकारायचं म्हणजे वैशाखात आपणच वर चढायचं, नाहीतर गावातल्या ठरलेल्या माणसाला हाक मारायची. आधी पेंढा होता, मग कुंभाराची नळीची कौलं आली आणि नंतर मंगलोरी. ही मंगलोरी कौलं बासेल मिशननं 1865 साली मंगळुरात काढलेल्या कारखान्यातली. तिथून ती पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. कौलाचा एक मोठा गुण होता. बिघाड डोळ्यांना दिसायचा. फुटलेलं कौल आतून उजेड दाखवायचं, तेवढं काढून दुसरं सरकवलं की झालं. शाकारणारा कामचुकार निघाला तर पहिल्याच सरीत कळायचं आणि तो चार घरं टाकून राहत असल्यानं त्याला गाठताही यायचं.

पत्र्यानं हे बदललं. पत्र्याचं छत गळतं ते भोकांतून, जोडांतून आणि कडांतून. पाणी एका स्क्रूशी आत शिरतं, पाइपाच्या अंगानं वाहत जातं आणि चार हात लांब टपकतं. खाली उभ्या असलेल्या मालकाला काहीच उमजत नाही. पत्रा लावणारा पडघ्याचा, टिटवाळ्याचा किंवा कल्याणचा असतो, त्याची माणसं नाक्यावरून आणलेली असतात. त्यात खडवलीत शनिवार-रविवारपुरती उघडणारी घरंही बरीच. तिथे तर काम चालू असताना बघायलाच कुणी नसतं.

पहिला माणूस फोनवाला. त्याला घर बघायला या म्हटलं, तर म्हणाला, 'बघायचं काय त्यात, पत्राच आहे ना?' त्याचा विषय तिथेच संपला.

दुसरा आला, टेप घेऊन आला, चांगले कपडे घालून आला. त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून फरशी मोजली, पडवी मोजली, गुणाकार केला आणि आकडा सांगितला. छत उतरतं असतं, वळचण भिंतीच्या बाहेर येते. फरशीच्या मापात ना उतार येतो ना वळचण. काकांनी हे विचारल्यावर तो हसून म्हणाला, 'ते फायनल बिलात धरू.' म्हणजे आत्ताचा आकडा नुसता गोड वाटावा म्हणून सांगितलेला होता. आणखी एक गोष्ट त्यानं उघड केली नाही. रंगीत पत्र्याची रुंदी साधारण साडेतीन फूट असते, पण शेजारचा पत्रा त्याच्यावर चढवल्यावर कामी येते ती सव्वातीनच्या आसपास. बिल आणलेल्या पत्र्याचं लावणार की झाकलेल्या जागेचं? दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. कुठली ते आधी ठरलं नसेल, तर शेवटी वाद होतोच.

याच सुमारास माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि मला ती या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगाची वाटते. ठेकेदाराला मोह कुठे होईल, हे त्याच्या दराच्या एककावरून कळतं. लोखंडाच्या सांगाड्याचा दर फुटावर ठरला, तर त्याला पाइप पातळ वापरण्यात फायदा. किलोवर ठरला, तर गरज नसताना दोन पाइप जास्त ठोकण्यात फायदा. माणूस वाईट असायचीही गरज नाही, हिशेबच त्याला तिकडे ढकलतो. म्हणून फुटावर दर ठरला की मालकानं जाडी तपासायची, किलोवर ठरला की आधी नकाशा मागायचा. जाडी तपासायला इंजिनिअर लागत नाही. 40 बाय 40चा, 2 मिलीमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला, तर वीस फुटी नगाचं वजन चौदा किलोच्या आसपास भरतं. तोच पाइप 1.6 मिलीमीटरचा असला, तर साडेअकराच्या आत-बाहेर. बाहेरून बघाल तर दोन्ही अगदी सारखे, रंगवल्यावर तर विचारूच नका. दुकानाच्या काट्यावर एक नग ठेवला की संपलं. पत्र्याचंही तसंच. नावाजलेल्या कंपनीच्या पत्र्याच्या पाठीवर जाडी छापलेली असते, ती वाचायची. फक्त छापलेली जाडी नुसत्या लोखंडाची की वरचा मुलामा आणि रंग धरून, एवढं दुकानदाराला विचारून घ्यायचं.

तिसरा माणूस ठरल्यापेक्षा उशिरा आला. पायात चपला, खिशात खडू. बसा म्हटलं तर बसला नाही, आधी शिडी मागितली. वर गेला, पण पत्र्यावर पाय ठेवला नाही. खालचा वासा कुठून जातो ते बघून त्या रेषेवर फळी टाकली आणि फळीवरून पुढे सरकला. सिमेंटचा जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पाय पडताच बिस्किटासारखा तुटतो. अशा पत्र्यातून खाली पडून माणसं जायबंदी होतात, मरतात. स्वतःच्या जिवाला जपणारा कारागीर घराला जपेलच असं नाही, पण जो इथेच बेफिकीर आहे त्याच्या हाती छत कशाला द्यायचं, असं माझं मत.

खाली उतरल्यावर त्यानं काकांना नाही, काकूंना विचारलं, 'काकू, पावसाळ्यात झड कुठून येते? कुठली खिडकी लावून घ्यावी लागते?' काकूंनी क्षणात हात केला, मोरीकडची. कल्याणच्या अंगाची. त्यानं भिंतीवर खडूनं बाण काढला. मला हे नाटकी वाटलं होतं. त्यामागचं कारण पत्रे चढायला लागल्यावर कळलं.

मग तो स्लॅब आणि पत्रा जिथे भेटतात त्या भिंतीशी बराच वेळ उभा राहिला. तिथे आधीच्या कुणीतरी सिमेंट थापलेलं होतं, त्यावर डांबर, त्यावर आणखी सिमेंट. 'पाणी इथून येतंय. पत्रे नवे टाकले आणि हे असंच ठेवलं, तर पातेलं हलणार नाही.' दर त्यानं त्या दिवशी सांगितलाच नाही. दोन दिवसांनी कागद पाठवला. त्यात पत्र्याचं नाव आणि जाडी, पाइपाची जाडी, स्क्रू, भिंतीलगतची पट्टी, पन्हळ, जुने पत्रे उतरवण्याची मजुरी, सगळं वेगवेगळं मांडलेलं. दर दुसऱ्यापेक्षा जास्त होता. काकांनी घासाघीस केली, ती व्हायचीच, पण कुठली वस्तू वगळायची ते न सांगता त्यानं दर सोडला नाही.

त्याच्याकडे जीएसटी नंबर नव्हता. यावरून माणूस मोडीत काढू नये. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्तीच नाही, आणि पत्र्याची कामं करण्यासाठी वेगळा परवाना असा काही नसतोच. त्यानं दिले ते आधीच्या कामांचे तीन पत्ते. दोन जवळचे होते, आम्ही जाऊन आलो. नवं काम बघून काही कळत नाही, नवं छत कुणाचंही चकाकतं. आम्ही मुद्दाम निदान तीन पावसाळे झेललेलं छत दाखवायला सांगितलं आणि तिथल्या बाईंना एकच विचारलं: तक्रार केल्यावर आला का? 'आला, पण दुसऱ्या फोनला,' असं उत्तर मिळालं. या उत्तरावर माझा विश्वास बसला आणि काम या तिसऱ्या मिस्त्रीलाच दिलं.

कामाचं बोलायचं तर जुने पत्रे उतरवण्यापासूनच फरक दिसला. सिमेंटच्या या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षं मुक्काम करते. साठाहून जास्त देशांनी ते बंद केलंय, आपल्याकडे अजून चालतं. घाईची माणसं हातोडा मारून पत्रा खाली पाडतात. इथे पोरांनी आधी पाइपानं पत्रे ओले केले, बोल्ट कापले आणि अख्खे पत्रे हातावर खाली घेतले. ते अजून घरामागे रचलेले आहेत. भंगारवाला घेत नाही. शेजाऱ्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला मागितले, काकूंनी दिले नाहीत.

सांगाडा उभा राहिला आणि पत्रे आले. ते चढवायला सुरुवात केली ती खडूच्या बाणाच्या दुसऱ्या टोकाकडून. पहिला पत्रा वाऱ्यापासून सर्वांत लांबचा, पुढचा त्याच्यावर, असं करत झडीच्या दिशेनं यायचं. म्हणजे प्रत्येक जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं आणि झड जोडात घुसत नाही. उलट सुरुवात केली तरी माल तोच, मजुरी तीच, आणि खालून बघणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही.

स्क्रू मारताना मी शिडीवर उभा राहून बघत होतो. स्क्रूच्या डोक्याखाली रबराचा वॉशर असतो. मशिननं स्क्रू आत जातो, वॉशर दबतो आणि कडेनं किंचित बाहेर फुगतो, तिथेच थांबायचं. आणखी एक झटका दिला, तर रबर चिरतं आणि पत्र्याला खळगी पडते. कमी दिला, तर पाणी शिरतं. एक नवा पोरगा जोरात मारत होता, त्याला मिस्त्रीनं खाली उतरवलं आणि मारलेले स्क्रू काढून पुन्हा नवे वॉशर घालायला लावले. वळचणीला आणि कडांना त्यानं स्क्रू जवळजवळ मारले, कारण वारा छताला दाबत नाही, कडेला धरून वर खेचतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात किती घरांची छतं गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. पत्र्यावर दगड ठेवायची आपली रीत अशा वाऱ्यापुढे कामाची नाही. उडालेला दगड कुणाच्या तरी डोक्यात बसतो, एवढंच.

पत्रा कापायला त्यानं ग्राइंडर लावला नाही, हातकात्री वापरली. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग आणि मुलामा जळतो, गंज तिथूनच धरतो. आणि संध्याकाळी त्यानं काकूंकडे मऊ केरसुणी मागितली. स्क्रू मारताना लोखंडाचा बारीक कीस पत्र्यावर पडतो. तो तसाच राहिला, तर पहिल्या पावसात प्रत्येक कणाभोवती तांबडा डाग पडतो. दोन पोरांनी अख्खं छत झाडून काढलं. हे काम कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

भिंतीची गोष्ट राहिली. स्लॅबच्या भिंतीत त्यानं कटरनं आडवी खाच मारली, धूळ फुंकून काढली, वाकवलेली पट्टी त्या खाचेत बसवून वरून मसाला भरला. तो सुकल्यावर पाण्याची तपासणी. मी समजत होतो की वरून पाणी सोडायचं. त्यानं पाइप आधी वळचणीशी धरला, मग थोडा वर, मग जोडावर, शेवटी भिंतीशी. प्रत्येक ठिकाणी थांबून एक पोरगा आतून बघत होता. वरून सोडलं असतं तर सगळंच भिजलं असतं आणि गळती कुठली ते कळलं नसतं. पन्हळीच्या एका सांध्याशी थेंब दिसला. तिथेच काम थांबवून तो सांधा दुरुस्त केला.

पैशांबाबत काकांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या. पत्रे आणि पाइप स्वतः दुकानातून, आपल्या नावाच्या बिलावर घेतले, म्हणजे आगाऊ रकमेचा प्रश्नच छोटा झाला. आणि मजुरीचा एक हिस्सा पाऊस होईपर्यंत मागे ठेवला. ही कल्पना काही नवी नाही. गावात येणाऱ्या सरकारी रस्त्याच्या पाटीवर 'दोष दायित्व कालावधी' असं छापलेलं असतं, आपण ते वाचत नाही इतकंच. सगळं सहीनिशी कागदावर असलं की दुसराही आधार मिळतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घराचं बांधकाम 'सेवे'च्या व्याख्येत येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही. तोंडी व्यवहाराला मात्र तिथे उभं राहणं कठीण.

कामगारांचंही विचारून घ्यावं. बांधकामावर वर्षात 90 दिवस भरलेल्या माणसाला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते, त्यासाठी ठेकेदाराचा दाखला चालतो. मिस्त्रीच्या दोघांकडे कार्ड होतं, नव्या पोराकडे नव्हतं.

हिशेबाच्या दिवशी काकांनी राखलेल्या रकमेपुढे 'गणपती' लिहिलं. तोवर आषाढ-श्रावण होऊन गेलेले असतात, छत कसं आहे ते कळलेलं असतं. मिस्त्रीनं कागद बघून मान हलवली. 'नको काका, हस्ताचा पाऊस होऊ द्या. आत्ताचा पाऊस कल्याणच्या अंगानं येतो, जोड मी त्याला पाठ करून टाकलेत. परतीचा येतो कसाऱ्याच्या, डोंगराच्या अंगानं, दुपारचं वादळ घेऊन. तो जोडाच्या तोंडावर बसणार. तिथे दुहेरी पट्टी मारलीय, पण एकदा बघू.' काकांनी 'गणपती' खोडलं आणि 'दसरा' लिहिलं.