पोट का गुरगुरतं?

जेवणाची वेळ टळली की शांत वर्गात नेमकं आपलंच पोट गुरगुरतं. जठर आणि लहान आतड्याच्या भिंतींचे स्नायू आकुंचन पावत आतला द्रव आणि हवा पुढे ढकलतात, त्याचा हा आवाज. अर्धी घागर डुचमळते, भरलेली नाही, तसंच इथे. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरकस लाट जठरापासून निघते आणि उरलेसुरले अन्नकण, जंतू मोठ्या आतड्याकडे नेते. मोटिलिन हे संप्रेरक तिला चालना देतं. म्हणजे ही सफाई आहे, आजार नव्हे! खाल्लं की ही लाट थांबते, म्हणून बैठकीआधी एखादं केळं खा. घास सावकाश चावा, सोडा टाळा. सोबत पोट दुखत असेल किंवा जुलाब होत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.