नातं खरं आहे, पण पुरावा कुठे आहे?

मागे आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरला इंग्लंडमध्ये पीएचडीची जागा मिळाली. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. बायकोच्या व्हिसासाठी त्याने फाइल केली: विवाह नोंदणीचा दाखला आणि लग्नाचे दोनशे फोटो. "एवढं पुरेल ना?"

तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडणार आहे. २०२४ पासून ब्रिटनमध्ये जोडीदाराला सोबत नेण्याची मुभा विद्यार्थ्यांपैकी मुख्यतः संशोधन पदवी करणाऱ्यांनाच उरली आहे.

आधी दावा नीट समजून घेऊ. दाखल्यावरून लग्न कायदेशीर आहे, एवढंच कळतं. व्हिसा अधिकाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: नातं खरं आहे का, आजही टिकून आहे का, दोघांना सोबत राहायचंय का? १९९७ पर्यंत तर तिथे स्थायिक व्हायला येणाऱ्या जोडीदाराला उलटं सिद्ध करावं लागे, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही. 'नाही' सिद्ध करणं किती कठीण, हे आपल्याला माहीत आहे. ठरवून केलेल्या लग्नांना या नियमाचा मोठा फटका बसला. आता शंभर टक्के खात्री कोणी मागत नाही. खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त दिसली पाहिजे.

मग पुरावा कसा निवडायचा? आपल्या प्रयोगासारखाच.

पहिलं, स्वतंत्र स्रोत. एकाच दिवसाचे दोनशे फोटो म्हणजे एकच नमुना दोनशे वेळा मोजणं. त्यापेक्षा पाच फोटो, एकत्र प्रवासाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे आणि विम्यातलं नॉमिनीचं नाव जास्त बोलतात.

दुसरं, त्या त्या वेळची नोंद. अर्जाच्या आदल्या आठवड्यात केलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा वर्षभराच्या कॉलची यादी वजनदार. लॅब नोटबुक मागाहून लिहीत नाहीत, तसंच हे.

तिसरं, रिकाम्या जागा लपवू नका. आपल्याकडे घर सासऱ्यांच्या नावावर, वीजबिलही त्यांचंच. मग रेशनकार्डात सुनेचं नाव, आधारवरचा बदललेला पत्ता दाखवा आणि एकत्र कुटुंबात राहतो हे पत्रात सरळ लिहा. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि दाखल्यावर सासरचं असेल, तर तेही समजावून सांगा. बनावट कागद मात्र चुकूनही नको; फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

ज्युनिअरने फाइल पुन्हा लावली, साखरपुड्यापासून आजपर्यंत, तारखेनुसार. फोटो उरले बारा. फाइल जाडीला निम्मी झाली, पण आता ती वाचून दोघांचं वर्ष कसं गेलं ते कळत होतं.

तुमचंही लग्न ठरलं असेल, तर एक फोल्डर आजच उघडा. डेटा नंतर गोळा करता येत नाही.