शिक्षकांची खोली (लेखांक ६) : साहेब खेळणार असतील तर

तपासणीला कोणी येणार म्हटलं की शिक्षक-खोलीतलं हसणं कसं आटतं, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आता ते परत कसं येतं ते पाहू. त्यासाठी थोडं लांब, अमेरिकेतल्या शिकागोला जावं लागेल.

जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये तिथल्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत ‘हल हाऊस’ सुरू केलं. पुढे १९२० च्या दशकात नेवा बॉइड तिथे खेळ शिकवत असत, समाजकार्याचं साधन म्हणून. व्हायोला स्पोलिन ही त्यांची विद्यार्थिनी. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेत तिने वस्तीतल्या पोरांना आणि मोठ्यांना घेऊन नाटकं बसवली. प्रत्येकाची भाषा वेगळी, त्यामुळे नुसतं समजावून भागेना. मग तिने खेळच रचले. १९६३ मध्ये ते पुस्तकात आले आणि नाटकवाल्यांनी उचलून धरले.

त्या पुस्तकातला एक मुद्दा मात्र खरा शिक्षकांसाठी आहे. स्पोलिन म्हणते, नापसंतीने खेळ मरतो, तसाच शाबासकीनेही मरतो. नापसंतीचं आपल्याला पटतं. पण शाबासकीनेसुद्धा? हो. शाबासकीची वाट पाहणाऱ्याचं लक्ष खेळाकडे नसतं, देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे असतं.

आता शिक्षकाचा दिवस आठवा. बरोबर-चूक, शाबास, वहीवर लाल शाईचा शेरा. हाच माणूस केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेवटच्या रांगेत बसतो. ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं जातं आणि सगळे वहीत बघू लागतात. शंका असतात, भरपूर असतात. पण शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करणं, आणि त्याचा शेरा कुठे उमटेल कोण जाणे!

स्पोलिनचा आरशाचा खेळ इथे उपयोगी पडतो. दोघे समोरासमोर उभे राहतात. एक हळूहळू हालचाल करतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. थोड्या वेळाने अदलाबदल. मग सूचना येते : आता कुणीच पुढाकार घ्यायचा नाही, दोघांनीही फक्त समोरच्याच्या मागे जायचं. मुख्याध्यापक आणि नुकतेच रुजू झालेले गुरुजी समोरासमोर असले की इथे खरी गंमत. गुरुजी सवयीने सरांकडे बघत थांबतात, सरांचा हात सवयीने आधी उठतो. दोघांनाही ते कळतं आणि हसू फुटतं. कुणी कुणाला उपदेश केलेला नसतो, तरी रोज शाळेत काय चालतं ते दोघांना दिसलेलं असतं.

अर्थात प्रत्येक हसणं असं नसतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या : माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. आपल्या शिक्षक-खोल्यांत तिसऱ्याची चलती. एखाद्या बाईंच्या बोलीवरून, एखाद्या सरांच्या संगणकाच्या भीतीवरून वर्षानुवर्षं तीच चेष्टा चालते आणि तिला ‘खेळीमेळीचं वातावरण’ म्हणतात. ज्याची चेष्टा होते तोही हसतो; न हसून सांगतो कुणाला?

अशा चेष्टेने जातो तो एकमेकांवरचा विश्वास. या विश्वासाचा सविस्तर अभ्यास झाला तोही शिकागोतच, तिथल्या प्राथमिक शाळांवर. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांचं ‘ट्रस्ट इन स्कूल्स’ २००२ मध्ये आलं. जिथे मोठ्यांचा एकमेकांवर विश्वास होता, त्या शाळा वाचन-गणितात सुधारण्याची शक्यता जास्त होती. हा विश्वास रोजच्या देवघेवीतून वाढतो, आणि ज्याच्या हाती अधिकार जास्त, त्याने आधी दुसऱ्याची धास्ती कमी करायची असते, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून प्रशिक्षणाच्या सकाळी सक्तीच्या टाळ्या वाजवून घेण्याला मी खेळ मानत नाही. पन्नाशीच्या बाईंना फुगे फुगवायला लावायचे, फोटो काढायचे, अहवालाला जोडायचे. हे आणखी एक अशैक्षणिक काम झालं. आणि दोन शिक्षकांवर पाच वर्ग असतील तर तिथे तिसरा शिक्षक लागतो. आरशाचा खेळ त्याची जागा घेत नाही.

खेळ घ्यायचाच असेल तर दोन अटी पाळा. ‘मी बसतो’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. आणि साहेबांना खेळायचं नसेल, नुसतं बघायचं असेल, तर त्यांना तेवढा वेळ चहाला पाठवा.

(पुढील आठवड्यात : शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप)